शालनचा भाकरतुकडा

शालन,

तुला पोचवायला आलेला जो तो माझ्या कपाळाकडं बघत होता. "सिस्टर, काय झालं? पडलात का?" मी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं. "पडले नाही. शालननं तांब्या फेकून मारला." लोक गपकन बाजूला व्हायचे. सरणावर ठेवलेल्या बाईबद्दल असं बोलतात का, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. बोलतात. मी बोलते. गोड बोलायला कामथडीहून तुझे भाऊबंद जीप भरून आले होते आणि त्यांनी ते काम चोख पार पाडलं. एकजण म्हणाला, "आमची शालनताई म्हंजी साक्षात देवमाणूस." मला हसू फुटलं आणि भुवईवरचा टाका ताणला.

देवमाणूस कसली! भांडखोर होतीस, हट्टी होतीस आणि तुझा हात फार लवकर उठायचा. नर्सिंगच्या वसतिगृहात पहिल्याच दिवशी बादलीवरून तू माझी वेणी ओढलीस. तेव्हापासून त्या तांब्यापर्यंत तू मला मारत आलीस आणि मीही काही गप्प बसले नाही. तुझा नवरा तुला टाकून गेला, माझा दारूनं गेला. भोरच्या दवाखान्यात दोघींची नोकरी, म्हणून दोघींनी मिळून एक घर भाड्यानं घेतलं आणि त्याच घरात म्हाताऱ्या व्हायला लागलो. कुणी विचारलं तर मैत्रिणी म्हणून सांगायचो. त्याहून वेगळा शब्द आपल्याला कधी लागला नाही.

तो लागला घाटावर. चिता पेटल्यावर तुझ्या थोरल्या चुलती, आक्का, घरच्यांना सुतक समजावत होत्या. कुणी काय शिवायचं नाही, कुणी कुठं बसायचं. सगळं सांगून झाल्यावर माझ्याकडं वळल्या आणि मायेनंच म्हणाल्या, "तुमाला काय सुतक न्हाई, बाई. तुमी कुठं घरातल्या? खुशाल घरी जावा, आंगूळ करा, चार घास खावा." मी आपल्या दारापर्यंत आले. कुलपात किल्ली घातली. ती फिरवायला हात होईना. तशीच माघारी फिरले आणि दवाखान्यात ड्यूटी रूमच्या बाकड्यावर आडवी झाले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तुझी माणसं सुतकात बसली होती, त्यांना बसायला जागा तरी होती. मी कुठं बसायचं?

आज मी घरात शिरले आणि शिरल्याबरोबर हे लिहायला बसले. कशी शिरले ते सांगते. पण त्याआधी आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं केल्याशिवाय मी तुला सोडणार नाही.

भांडणाचं मूळ तुझ्या त्या शब्दात आहे. चांगली नोकरी चालली असताना तू पुन्हा पुण्याला शिकायला गेलीस आणि परत आलीस ती "स्थित्यंतर" असा एक शब्द घेऊन. चहा पिताना स्थित्यंतर, भांडी घासताना स्थित्यंतर. मी म्हटलं, "आमी अडाणी लोक त्याला हाल म्हणतो." तू उशी फेकून मारलीस आणि मग समजावत बसलीस. माणूस आजारी पडतो, बाई बाळंत होते, विधवा होते, कुणी हातपाय गमावतो, तेव्हा तो माणूस एका आयुष्यातून उठून दुसऱ्यात जात असतो, म्हणालीस. मधे एक काळ असा येतो की जुनं सुटलेलं असतं आणि नवं हाती आलेलं नसतं. माणूस मोडतो तो या मधल्या काळात, आणि नर्सचं खरं काम तिथं आहे. त्याला काय झालंय ते कळलंय का? कळून तो त्यात उतरलाय का? बरोबर कोण आहे? आणि इथून पुढं मी वेगळा, असं बोट ठेवून सांगता येईल असा एक दिवस त्याला मिळालाय का? "आपण डिस्चार्ज देतो, मंदे, म्हंजी माणसाला घरी सोडत न्हाई, मधल्या वाटंवर सोडतो," हे तुझं वाक्य मला पाठ झालं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, "आणि आपण दोघी कुठं असतो? त्या वाटंवर चहाची टपरी टाकून?" तू हसलीस. तुझं हसणं दणकट होतं, शेजारचे खिडकी लावायचे.

मग बबन आला.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथला हा गडी. भाताच्या खाचरात चिखलणी करताना पॉवर टिलर मागं घेत होता. पाय घसरला तो सरळ फिरत्या पात्यांत. पुण्याला मोठ्या दवाखान्यात गुडघ्याच्या वरून पाय काढला. त्याची बायको सुनंदा भोंगवलीची, म्हणून जखम भरेपर्यंत ड्रेसिंगला तिच्या माहेराजवळ, आपल्या वॉर्डात आणून ठेवला. पहिल्याच दिवशी त्यानं सलाईनचा स्टँड उचलून दारावर घातला. वॉर्डातले मामा धरायला गेले तर त्यांचं मनगट असं चावलं की वण अजून आहेत. नसलेल्या पायाची बोटं पात्यात अडकलीत म्हणून तो ओरडायचा. लोक म्हणायचे, ढोंग करतो. तू त्यांना सांगायचीस की ते दुखणं खरं असतं, कापलेला पाय दुखतो. सुनंदा कोपऱ्यात डबा घेऊन उभी असायची. जवळ गेली की डबा अंगावर यायचा.

जो तो त्याला सांगत होता, होईल सगळं नीट. तू एकटी त्याच्या पलंगाशी जाऊन म्हणालीस, "बबन, पाय गेला. म्हण." त्यानं भाताचं ताट तुझ्या छातीवर फेकलं. "म्हण." तो थुंकला, तुझ्या गळ्यावर. तू पुसलंही नाहीस. "म्हण, पाय गेला." मी मधे पडणार होते, तर तू मलाच कोपर मारलंस. शेवटी तो असा ओरडला की बाहेरच्या ओपीडीतली माणसं उठून उभी राहिली. "गेला! गेला माझा पाय! आग लागो त्या टिलरला!" मग उशीत तोंड खुपसून रडत राहिला आणि तसाच झोपला. तू बाहेर आलीस, कापसानं गळा पुसलास आणि म्हणालीस, "कळलं त्याला. आता सुरुवात झाली." अंगावर भात घेऊन उभी असलेली बाई असं म्हणत होती. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. मी ते बोलले नाही, कारण तू डोक्यावर बसली असतीस.

त्याला घरी न्यायच्या दिवशी तू जीपमध्ये त्याच्याशेजारी जाऊन बसलीस. मलाही ओढलंस. कापूरहोळला चहाला थांबलो, तिथं ढाब्यावरच्या कुणीतरी "आरारा" केलं, तर बबननं कुबडीनं टेबल उलटं केलं. गरम चहा माझ्या पायावर. नसरापूरवरून वर चढलो तेव्हा त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं. खाचरं दिसायला लागली होती.

दारात त्याची आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. दवाखान्यातून माणूस परत आला की ओवाळून टाकायचा, आपल्याकडची साधी रीत. तिनं हात उचलला मात्र, बबननं कुबडी फिरवली. तांब्या अंगणात, भाकरी मातीत, पाणी आईच्या अंगावर. "मी आलो न्हाई! आर्धा आलोय! कुनाला ववाळती?"

सगळी वाडी जमली होती. तू खाली वाकून भाकरी उचललीस, माती झटकलीस, मोडलीस. एक तुकडा त्याच्या तळहातावर दाबलास. "हा पायाचा. आईनं न्हाई, तू टाक. जिथं गेला तिथं टाक." बबन तुझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता तुझं डोकं फुटतंय. त्यानं हात मागं घेतला आणि तुकडा असा भिरकावला की तो अंगण ओलांडून खालच्या खाचरात पडला. मग त्यानं स्वतःहून उंबऱ्यावर हात टेकला आणि आत गेला. मी तुला तेव्हा म्हटलं की हा सगळा अंधश्रद्धेचा बाजार आहे आणि तू शिकलेली नर्स आहेस. तू म्हणालीस की बोट ठेवून सांगायला त्याला एक दिवस हवा होता. तो घरातल्याच रीतीतनं मिळाला, तर मी पुण्याहून दुसरा कुठून आणू?

पण तू तिथं थांबली नाहीस. राहिलेली भाकरी तू सुनंदाभोवती ओवाळायला लागलीस. सासू म्हणाली, "तिला कशापायी? तिला लग्नात ववाळलाय की एकदा."

तू म्हणालीस, "ती लग्नातली सुनंदा, आत्याबाई. ती तुमच्या लेकासंगं दवाखान्यात गेली, ती तिकडंच राहिली. ही दुसरी आलीया. हिचं बी करा."

सासूनं केलं नाही, तूच केलंस. सुनंदा मान खाली घालून उभी होती. त्या दिवशी तिच्याकडं नीट बघणारी तू एकटी होतीस, हे मी आजही मान्य करते. एका माणसाचं आयुष्य बदललं की घरातल्या सगळ्यांचं बदलतं, हे तुझ्या थिअरीत होतं. इथपर्यंत आपलं भांडण नाही.

भांडण पुढचं. भात कापणीला आलं तेव्हा सुनंदा एसटीनं एकटी दवाखान्यात आली. हात कोपराखाली मोडलेला, पाठीवर कुबडीचे वळ, एका कानातून रक्त. म्हणाली, शेणावरनं घसरले. मी तिचा ब्लाऊज मागून उचलून तुला वळ दाखवले. "ही बघ तुझी मधली वाट." माझा आवाज चढला होता. तू प्लास्टरचं सामान काढलंस.

दुसऱ्या दिवशी आपण दोघी वर गेलो, सुनंदाला घेऊन. तिची पोतडी आणायची होती. मी तर पोलिसांना घेऊन जायचं म्हणत होते. तू म्हणालीस, आधी मी बोलते. बबन ओसरीवर बसला होता. सुनंदाला बघून उठायला गेला, तोल गेला, आणि पडता पडता त्यानं कुबडी हाणली ती तुझ्या खांद्यावर बसली. आवाज मला अजून ऐकू येतो. तू क्षणभर वाकलीस. मग त्याची दुसरी कुबडी उचललीस आणि त्याला हाणलीस. मांडीवर, पाठीवर, पुन्हा पाठीवर. नर्सच्या साडीत उभी राहून तू पेशंटला बडवत होतीस आणि शिव्या देत होतीस. मी कमरेला मिठी मारून तुला मागं ओढलं. बबन खाली बसून तोंडावर हात घेऊन म्हणत होता, "मारा, आजून मारा, सिस्टर."

जीपमध्ये तू खांदा चोळत बसलीस. मी विचारलं, "हे कुठल्या धड्यात हाये?" तू म्हणालीस, "कुठल्याच न्हाई. पण सगळे त्याला लंगडा म्हणून सोडत व्हते. बायकूला मारलं तरी सोडत व्हते. माणूस म्हणून कुणीतरी त्याला जाब इचारायला पायजे व्हता." मी म्हटलं की जाब विचारायला चौकी असते. चूक होती ती, शालन. पेशंटवर हात उचलायचा नसतो. तुला कुणी बोललं नाही म्हणून मी आज बोलते.

त्या दिवसापासून मी बायकोची बाजू धरली आणि तू नवऱ्याची. सुनंदा आपल्या घरात राहिली, मी तिला चौकीत नेऊन तक्रार द्यायला लावली, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला लावलं. भोंगवलीला जायला ती तयार नव्हती, माहेरचे दुसऱ्या दिवशी परत नेऊन घालतील म्हणाली. पुढं तिनं आपल्याच गल्लीत खोली घेतली. आणि तू दर सुट्टीला वर जात राहिलीस, तुला मारणाऱ्याकडं. मी स्वयंपाकघरात आदळआपट करायचे. तू परत येऊन सांगायचीस, "मंदे, त्याला पडायची भीती वाटती. पडताना कुणी बघितलं की हात उठतो त्याचा. म्या त्याला पडायला शिकवती." पेंढा पसरून तू त्याला ढकलायचीस. तो पडायचा. "ऊठ." पुन्हा ढकलायचीस. तो आई-माई काढायचा, तू पण काढायचीस. तुझ्या कोपराला खरचटलेलं असायचं आणि तोंडावर समाधान.

"पडताना मारलेला मार काय मार नसतो?" मी विचारायचे. "सुनंदाचा हात पावसाळ्यात ठणकतो, त्याचं स्थित्यंतर कधी व्हायचं?"

"तिचंच करती," तू म्हणायचीस. "त्याला हात न उचलता 'न्हाई' ऐकून घेता आलं पायजे. एकदा तरी. तवर ती ह्या गल्लीत बी मोकळी न्हाई. बघ की, एसटी स्टँडवर कुबडी वाजली तरी दचकती."

तुला वाटायचं, त्या दोघांची एकदा गाठ घालावी. मी म्हणायचे, माझ्या मढ्यावरून. झालं ते तुझ्या मढ्यासमोर.

मग तुझ्या पोटात गाठ निघाली आणि पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन घरी न्या म्हणून सांगितलं. पेशंट म्हणून तू भयंकर होतीस. सांगितलेलं एक ऐकलं नाहीस. मी अंग पुसायला आले की लाथ मारायचीस. औषध भिंतीवर. वॉर्डात इतक्या जणांना धीर दिलेली बाई मला बेडपॅनवरून रांडे म्हणाली. एकदा तुला कुशीवर वळवताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शालनबाई, तुमी आता मधल्या वाटंवर हायसा. आमाला सगळं शिकवलंय." सरळ चेष्टा होती. तू उशाचा तांब्या उचललास आणि फेकलास. पाणी, रक्त, दोन्ही माझ्या डोळ्यात. "वाट न्हाई ती!" तू ओरडलीस. "वाट म्हणून शिकवलं मला. दरड हाये, दरड! पाय ठिवायला जागा न्हाई!"

मी कपाळावर फडकं दाबून पलंगाच्या कडेवर बसले. मग तू माझा पदर धरलास. "म्हण, मंदे." मला कळलं तू काय मागतेस. मी नाही म्हणून मान हलवली. तू दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागलीस. मुठी किती हलक्या झाल्या होत्या तुझ्या. त्याचंच मला जास्त लागलं. "म्हण, शालन मरणार."

"शालन मरणार," मी म्हटलं, आणि अशी रडले की तूच माझ्या तोंडावर हात ठेवलास, शेजारी ऐकतील म्हणून. त्या संध्याकाळी तू मऊ भात मागून खाल्लास. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मुकाट. पुढचे दिवस आपण चांगले भांडलो. तू मरताना माझा हात धरला होतास आणि नखं रुतवली होतीस. त्याबद्दल तुझी मी ऋणी आहे. हात सोडून गेली असतीस तर मला ते सहन झालं नसतं.

आता घाटावरचं सांगते, जे तू बघायला हवं होतंस. चिता धडाडली होती. आक्का मला सुतकातून मोकळं करून बाजूला झाल्या आणि पाठीमागं कुबडीचा आवाज आला. बबन वेल्ह्याहून जीपनं आला होता. सुनंदा माझ्याशेजारी होती. मी तिथला एक दगड उचलला, हाताच्या मुठीत मावेल असा. शपथेवर सांगते, तो आणखी पुढं आला असता तर मी त्याचं टाळकं फोडलं असतं, तुझ्यादेखत.

तो थांबला. "सिस्टर म्हणायच्या, तुला इचारायचं असंल तर हात खाली ठिवून इचार," तो सुनंदाला म्हणाला. "येतीस का घरी?"

सुनंदाची मान वर होती. "न्हाई. म्या न्हाई यायची. कवाच न्हाई."

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यानं कुबडी वर उचलली आणि शेजारच्या कातळावर घातली. पुन्हा, पुन्हा. ती मोडेपर्यंत. ढलप्या उडाल्या. सुनंदा जागची हलली नाही. तो तिच्याकडं एक पाऊलही सरकला नाही. कुबडी मोडल्यावर तोल गेला, आणि तो पडला, तू शिकवलंस तसा, खांदा आत घेऊन, कुशीवर. उठून बसला. "बरं," म्हणाला. एवढंच. तुझे भाऊबंद, सगळी माणसं बघत उभी, हात द्यायला एकही पुढं येईना. मग मी गेले. एका हातात दगड तसाच, दुसरा हात त्याच्या काखेत. जीपपर्यंत त्याचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं. त्याला बसवल्यावर दगड टाकला.

आणि आज. दिवस मावळता सुनंदा ड्यूटी रूममध्ये आली. "चला." मी म्हटलं, ड्यूटी आहे. "खोटं बोलू नगा, म्या इचारून आलीया." तिनं माझं मनगट धरलं, त्याच मोडून बऱ्या झालेल्या हातानं, आणि बाजारपेठेतून फरफटत आणलं. लोक बघत होते. दारात तिनं पिशवीतून भाकरी काढली, ताजी, आणि बाटलीतलं पाणी. मी म्हटलं, "मला काय झालंय? मी कुठं दवाखान्यातनं आलीया?"

"दवाखान्यातनंच आलाय की," ती म्हणाली. "कवापासनं तितंच पडून हायसा. सिस्टर, कोण गेलं? म्हणा."

मी तिला ढकललं. जोरात ढकललं, ती कठड्यावर आदळली. परत येऊन उभी राहिली. "म्हणा." मी म्हटलं, मला सुतक नाही, माझं कुणी गेलेलं नाही, आक्कांना विचार. तिनं माझे दोन्ही दंड धरले. मी तिला शिव्या दिल्या. तू बबनला दिल्यास त्या सगळ्या. ती ऐकत राहिली. वॉर्डात त्या पलंगाशी तू उभी राहिली होतीस, तशीच. तेव्हा ती कोपऱ्यातून डबा धरून बघत होती, शालन. आपल्याला वाटायचं ती भ्यालीय. ती शिकत होती.

"शालन गेली," मी म्हटलं. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "शालन गेली माझी!"

तिनं माझ्याभोवती भाकरतुकडा ओवाळला, पाणी ओतलं, आणि एक तुकडा माझ्या हातात दाबला. "तुमी टाका." मी तो भिरकावला. समोरच्या पत्र्यावर ताडकन वाजला. मग तिनं माझ्या हातातली किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि बाजूला झाली. आत मी एकटी आले.

घरात तुझा वास आहे, औषधाचा आणि खोबरेल तेलाचा. भिंतीवर औषधाचा ओघळ वाळलाय. तांब्या पलंगाखाली गेला होता, तो काढला. त्याला पोचा पडलाय. तर आपलं भांडण. सुनंदा परत गेली नाही, म्हणजे मी जिंकले. त्यानं हात न उचलता "नाही" ऐकून घेतलं, म्हणजे तू म्हणणार, तू जिंकलीस. पेशंटला मारलंस ती चूक, यावरून मी हटणार नाही. तूही हटणार नाहीस, मला माहीत आहे. मग ये ना. तांब्या भरून तुझ्या उशाशी ठेवलाय, हात पोचेल असा.